वाटेत कोण आहे?

आमच्या वाडीत नलू रेडकरचा फोन नंबर कोणाच्याच मोबाइलमध्ये नव्हता. प्लंबरचा होता, गॅसवाल्याचा होता, पावभाजी घरपोच देणाऱ्याचा तर पोराटोरांना पाठ होता. नलूचा मात्र नाही. तिचा नंबर साठवून ठेवणं म्हणजे घरातल्या कोणाच्या तरी वाइटाची आधीच सोय करून ठेवणं, असं लोकांना वाटे. एकदा तिच्या दुकानासमोर मी सहज खिशातून फोन काढला, तर माझी बायको कमल भर रस्त्यात माझ्यावर खेकसली होती.

नलूचं दुकान म्हणजे गिरगावातल्या आमच्या दाजीबाच्या वाडीच्या तोंडाशी, जिन्याखालचा एक गाळा. पाटीवर लिहिलेलं, ‘रेडकर : पूजेचे व इतर साहित्य’. पूजेचं साहित्य म्हणजे दर्शनी भागात टांगलेली कापराची दोन पाकिटं. बाकी सगळं इतर. तिरडीचे बांबू, कामट्या, सुतळी, मडकी, पांढरं कापड, गुलाल, बुक्का, तुळशीच्या माळा, काळे तीळ, गोवऱ्या. कोणी गेलं की त्या घरातला एक माणूस खाली येई, दुकानासमोर मान खाली घालून उभा राही आणि काही न बोलता नलूला सगळं समजे.

मग ती पाच प्रश्न विचारी. बाप्या की बाई? उंची किती? बाई असेल तर सवाष्ण का? नेणार कुठे? आणि शेवटचा, आवाज थोडा खाली आणून, वाटेत कोण आहे?

या शेवटच्या प्रश्नाचं मर्म बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडची अर्धी माणसं कोकणात, उरलेली नोकरीपायी गावोगाव. आई गेली की मुलीला फोन जातो, पण ‘गेली’ असं कोणी सांगत नाही. ‘तब्येत जरा बरी नाही, तुझी आठवण काढतेय, निघून ये’, एवढंच. मुलीलाही आतून कळतं, पण कळलं तरी न कळल्याचा एक धागा हातात असतो आणि त्या धाग्याला धरून ती सात-आठ तास एस.टी.त बसते. ती दारात पोचेपर्यंत कोणी गळा काढत नाही, कोणी गावभर बोभाटा करत नाही. तिला यायला किती वेळ आहे त्यावर बाकीचं सगळं ठरतं. म्हणून नलू विचारायची, आणि उत्तर मिळालं की दुकानाबाहेरचे बांबूसुद्धा आत घ्यायची. रिक्षातून उतरणाऱ्या मुलीच्या नजरेला ते आधी पडू नयेत म्हणून.

गिऱ्हाइकाला ती ‘या’ म्हणत नसे, निघताना ‘परत या’ तर नाहीच. आणि वीस वर्षांत ती वाडीतला एकही जिना चढली नव्हती. नलू जिना चढताना दिसली तर वर कोणीतरी गेलं, असाच अर्थ झाला असता. लग्नाच्या पत्रिका तिला जात, पण त्या दुकानात, दूर उभं राहून दिल्या जात. तिचा नवरा गणपत बारा वर्षांपूर्वी गेला, त्या दिवशी तिने स्वतःच दुकान उघडलं, सामान काढून दिलं आणि फळी लावून घेतली. तिला पाच प्रश्न विचारायला कोणी नव्हतं.

मी कोण, तेही सांगतो. माझं नाव देवदत्त. दुसऱ्या मजल्यावर राहतो. चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता आणि निवृत्तीनंतर तो रोग होऊन बसला. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, गणेशोत्सवाचे फलक, काही सुटत नसे. वाडीत मला मान होता तो एवढ्यासाठीच, आणि मी तो मोठ्या ऐटीत मिरवत असे. ही ऐट कुठे घेऊन गेली त्याचीच ही गोष्ट आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी नलूचा धंदा बसायला लागला. माणसं मरायची थांबली होती असं नाही. वाड्या पडत होत्या, टॉवर उठत होते, जुनी बिऱ्हाडं दहिसर-डोंबिवलीला गेली होती. टॉवरमधल्या नव्या लोकांना जिन्याखाली काय मिळतं हे ठाऊक नव्हतं. त्यात इस्पितळांच्या दाराशी पॅकेजवाले उभे राहू लागले. गाडी, तिरडी, भटजी, फुलं, सगळं एकरकमी. घरच्यांनी डोळे पुसायच्या आत त्यांच्या हातात कार्ड. नलूकडे आठ-आठ दिवस कोणी फिरकेना. एरवी अशा बातमीने माणसाला बरं वाटावं, पण तिचा चेहरा बघवत नसे.

तिच्या नणंदेच्या मुलीचं नाव पूर्वी. ती लालबागला राहते, कुठल्याशा जाहिरात कंपनीत कामाला आहे. ती एका रविवारी आली आणि म्हणाली, “मामी, तू गूगलवरपण नाहीयेस. लोक सर्च करतात गं, माणूस गेल्यावर पण सर्चच करतात. तुझं पेज बनवते, बिझनेसवालं व्हॉट्सॲप टाकते. फोटो नको, काही नको, फक्त नंबर आणि सर्व्हिस. बघ तू.”

“असल्या धंद्याची कसली गो जाहिरात?” नलू म्हणाली. “लोक थुंकतील माझ्यावर.”

“काका आहेत ना,” पूर्वीने माझ्याकडे बोट दाखवलं. “ते लिहितील नीट, शुद्ध मराठीत.”

आणि काकांनी लिहिलं. ‘दुःखाच्या प्रसंगी विश्वासाची साथ. अंत्यविधीचे संपूर्ण साहित्य व मार्गदर्शन. गिरगाव, दादर, परळ, लालबाग.’ दोन तास घालवले मी त्या ओळींवर. कमल म्हणाली, “आता तिची चाकरी करा, एवढंच राहिलं होतं.” पण मला मजा येत होती. किती वर्षांनी माझं काही छापलं जात होतं.

जे झालं ते चांगलं झालं हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल. महिन्याभरात फोन येऊ लागले. टॉवरमधून, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून, शीव कोळीवाड्यातून. ज्यांना खांदा द्यायला चार माणसं मिळत नव्हती अशा घरांतून. नलूने गणपतच्या ओळखीतले परळचे चौघे पाचशेदा विनवून तयार ठेवले होते, ते जात. डॉक्टरच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढा, आधार कार्ड बरोबर घ्या, मडक्यासाठी नवं फडकं ठेवा, असं ती फोनवर हळू आवाजात सांगे, आणि समोरचा माणूस लहान मुलासारखा ऐके. पॅकेजवाला हे सांगत नाही. त्याला पुढच्या गिऱ्हाइकाकडे जायचं असतं.

मेलबर्नहून एकाने फोन केला. आई चर्नी रोडला एकटी होती, सकाळी मोलकरणीला निपचित सापडली. याला यायला दीड दिवस लागणार. नलूने सगळं केलं. स्वतः खाली गेटपाशी उभी राहिली, पूर्वीला वर पाठवलं, आईला कोरी पांढरी नव्हे, तिच्या कपाटातली मोतिया रंगाची साडी नेसवायला लावली, कारण मुलगा फोनवर रडत म्हणाला होता की आईला तोच रंग आवडायचा. नंतर त्याने पेजवर मोठा मजकूर लिहिला. नलू तो घेऊन माझ्याकडे, म्हणजे जिन्याच्या खालच्या पायरीपाशी आली आणि मला खाली बोलावलं. तीन वेळा वाचायला लावला.

“आमच्या धंद्यात थँक्यू कोणी म्हणत नाही, काका,” ती म्हणाली. “उलट सामान घेऊन पाठ फिरवली की अंघोळ करतात.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

तिथून नलू बदलली. बदलणारच. जी माणसं तिच्या सावलीला पाय लागू देत नव्हती ती आता मोबाइलवर तिला हात जोडत होती. कोणी लिहिलं, ‘पाच तारे. उत्तम सेवा. अवश्य अनुभव घ्या.’ मी पोट धरून हसलो. तिला हसू आलं नाही, तिने ते जपून ठेवलं. मग श्रद्धांजलीची कार्डं निघाली. गेलेल्या माणसाचा फोटो, नाव, वय, अंत्ययात्रेची वेळ, खाली दोन दिवे आणि दुकानाचा नंबर. कल्पना पूर्वीची, भाषा माझी. ती पेजवर लागत, घरच्यांना आयती मिळत, ते नातेवाइकांना पाठवत, नातेवाईक पुढे पाठवत, आणि प्रत्येक कार्डाबरोबर नंबर फिरे. ज्या नंबरला कोणी आपल्या फोनमध्ये थारा देत नव्हतं तो आता घराघरांत पोचला होता. नलू मला सांगायची, “काका, शिंद्यांच्या आजोबांना साडेचार हजार लोकांनी बघितलं.” आजोबा जिवंतपणी गॅलरीत एकटे बसून असत, तेव्हा त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण तिचा आनंद बघून मी गप्प बसलो.

काम वाढलं तशी फोनवर तेच तेच विचारण्यात तारांबळ उडू लागली. पूर्वी म्हणाली, आपण फॉर्म करू. लोक मोबाइलवर भरतील, आपल्याला सगळं लिहून येईल. त्या दिवशी दुकानात फळीवर बसून मी कागद घेतला आणि नलूने तिचे प्रश्न सांगितले. बाप्या की बाई, उंची, सवाष्ण का, कुठे नेणार. पूर्वीने त्यात दोन घातले: फोटो जोडा, आणि श्रद्धांजली कार्ड हवे का, होय किंवा नाही. शेवटी नलू म्हणाली, “आणि वाटेत कोण आहे?”

मी लिहिलं. मग चष्मा वर करून त्या ओळीकडे बघितलं. प्रश्न संदिग्ध वाटला. वाटेत म्हणजे कुठल्या वाटेत? टॉवरमधल्या माणसाला काय समजणार? फॉर्म सुटसुटीत हवा. मी लाल पेन काढलं आणि ती ओळ खोडली.

“ऱ्हवांदे ना काका,” नलू म्हणाली. घाबरली की तिची मालवणी बाहेर येई. “तो मी पयल्यापासून विचारतंय.”

“तुम्ही फोनवर विचाराच की, नलूबाई. तोंडी विचारायचा प्रश्न आहे तो, छापायचा नाही.”

ती म्हणाली, “तुमका माझ्यापेक्षा जास्त कळता.”

मला ते खरंच वाटलं.

फॉर्म सुरू झाला आणि फोन कमी झाले. सगळं लिहूनच येऊ लागलं, मग फोनवर विचारायचं काय? पहिले काही दिवस नलू तरीही स्वतःहून फोन लावून विचारी. मग एकेका दिवशी तीन-तीन ठिकाणची कामं येऊ लागली, आणि ते सुटलं. आठ-नऊ महिने काही बिघडलंही नाही.

गेल्या वर्षीच्या श्रावणात एका सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या समोरच्या चाळीतल्या यशोदाबाई गेल्या. त्यांचा मुलगा यशोधन बिचारा एकटा. बायको माहेरी, डॉक्टर येऊन गेलेला, आई पलंगावर. त्याने काय करावं? देवरुखला दिलेल्या बहिणीला, मीनाक्षीला फोन करून सांगितलं की आई सीरियस आहे, निघ. आठच्या एस.टी.त ती बसली. मग खाली उतरून दुकानात जायच्या ऐवजी, आईजवळ कोणी नाही म्हणून, त्याने तिथेच पलंगाच्या कडेला बसून नलूचा फॉर्म भरला. आईचा फोटो जोडला. कार्ड हवे का, तिथे होय केलं. नंतर तो मला म्हणाला, “मला वाटलं, दहाव्या-बाराव्याला वगैरे देत असतील.”

दुकान त्याच्या खिडकीतून दिसतं. पन्नास पावलं. जुने दिवस असते तर तो ती पन्नास पावलं चालत आला असता.

दहा वाजता पूर्वीने तयार केलेलं कार्ड माझ्या मोबाइलवर तपासायला आलं. ‘दुखद निधन’ असं होतं. मी तिला कळवलं, ‘दुःखद’ मध्ये विसर्ग हवा. तिने तो घातला. वय बघितलं, वेळ बघितली, ‘यशोदा’ मधला श बघितला. सगळं बरोबर. पाठव म्हणालो. मीनाक्षी देवरुखला असते हे वाडीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं का? तिच्या लग्नाची पत्रिका मी तपासली होती. तरीही माझ्या डोक्यात तेव्हा फक्त विसर्ग होता, आणि तो सापडल्याचं समाधान होतं.

कार्ड पेजवर गेलं. तिथून कोणीतरी ते वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. त्या गटावर सासरी गेलेल्या सगळ्या मुली आहेत. एस.टी. तेव्हा चिपळूणच्या स्टँडवर उभी होती. मीनाक्षीने फोन बघितला, आईचा फोटो बघितला, फोटोखाली दोन दिवे. पाठोपाठ ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येऊ लागली, एकामागून एक, वाडीतल्या प्रत्येक घराकडून. तिने फोन बंद करून टाकला. गाडीतून खाली उतरली आणि बाकड्यावर बसली. कंडक्टरने घंटा मारली, गाडी निघाली, तिची पिशवी घेऊन. ती बसूनच राहिली.

इकडे पाच वाजले, गाडी आली, ती आली नाही. फोन लागेना. यशोधन मुंबई सेंट्रलला धावला, तिथे तिची पिशवी मिळाली. पिशवीत आईसाठी आणलेला कुळथाचं पीठ आणि धुवून घडी केलेली मऊ साडी होती. बर्फ दोनदा बदलला. साडेसहाला जाणती माणसं म्हणाली, आता थांबवत नाही. निघाले.

चिपळूणला दोन बायकांनी मीनाक्षीला आपल्या घरी नेलं होतं. त्यांतली एक दुसऱ्या दिवशी तिला पोचवायला आली. तोपर्यंत यशोधन अस्थी घेऊन आला होता.

तिसऱ्या दिवशी मीनाक्षी नलूच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. मी तिथेच होतो, रोजच्यासारखा फळीवर. वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“नलूकाकी, बाबा गेले तेव्हा तुम्ही विचारलं होतं ना, वाटेत कोण आहे म्हणून?”

“होय.”

“मग आईच्या वेळी का नाही विचारलंत?”

नलूने हातातली सुतळी खाली ठेवली.

“मला माहीत होतं हो,” मीनाक्षी म्हणाली. “दादाच्या आवाजावरून कळलंच होतं. पण कोणी सांगितलं नव्हतं ना. खोटं सांगितलं होतं, त्या खोट्यावर मी बसले होते गाडीत. ते खोटं टिकलं असतं, तर मी पोचले असते.”

नलूने माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. तिच्या खणात तो कागद होता, माझ्या अक्षरातला, लाल पेनाने ओळ खोडलेला. तिने खण उघडला नाही. “चुकलं माझं,” ती म्हणाली आणि वाकून हात जोडले.

आणि मी गप्प बसलो. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या चुकांखाली लाल रेघ ओढणारा मी, स्वतःची एक चूक कबूल करायला तोंड उघडलं नाही. घरी येऊन कमलला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवून म्हणाली, “जा खाली आणि सांगा सगळ्यांना.” मी म्हणालो, उद्या सांगतो. ती रोज विचारायची, सांगितलंत का? मग तिने विचारणं सोडलं. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढचं सगळं मोबाइलमध्येच झालं. कोणीतरी त्या कार्डाचा फोटो टाकून लिहिलं, ‘मढ्यावर जाहिरात करणारे दुकान’. ते हजारो लोकांनी पुढे पाठवलं. नलूला शिव्या आल्या, अशा की पूर्वीने मला त्या वाचू दिल्या नाहीत. आणि त्याच आठवड्यात ऑर्डरी दुपटीने वाढल्या. शिव्यांबरोबरही नंबरच फिरत होता. नलूने पेज बंद करायला लावलं. पेज बंद झालं, कार्ड कुठे बंद होतं? नागपंचमीला निघालेलं ते दिवाळीत परत वाडीच्या गटावर आलं, कोणा उत्साही माणसाने ‘आत्ताच समजले’ म्हणून टाकलेलं. मीनाक्षीने दुसऱ्यांदा ते बघितलं.

वाडीतलं त्यानंतर कोणी नलूकडे गेलं नाही. आधी तिला टाळत ते भीतीने, आणि त्या भीतीत एक विश्वासही होता, की ही आपलं गुपित पोटात ठेवेल. आता नुसतं टाळत. बाहेरच्या ऑर्डरी ती स्वतःच नाकारू लागली. डिसेंबरात एका सकाळी दुकानाबाहेरचे बांबू दिसले नाहीत. पाटी होती, कापराची पाकिटं होती, फळी लावलेली. मागच्या खोलीत ती राहायची, तिथलं दार अर्धं उघडं असे. मी येता-जाता त्या दाराकडे बघायचं टाळत होतो.

यंदाच्या मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या आधी चार दिवस, सकाळी आठला कमल ओट्यापाशी चहा गाळताना खाली बसली. मी धावलो तेव्हा गाळणं हातातच होतं. शेजारच्या डॉक्टरांनी येऊन मान हलवली. चहा सगळा ओट्यावर सांडला होता आणि मी तो पुसत राहिलो.

आमची मुलगी अक्षदा नाशिकला असते. डॉक्टरांनीच तिला कळवलं, आईला बरं नाही, ये. जावई कामासाठी परदेशी, ती एकटी बसने निघाली. शेजारच्या बायका आल्या, कमलला आतल्या खोलीत निजवलं. मग अक्षदाचा फोन आला. टेबलावर वाजत होता, तिचा फोटो दिसत होता, आणि मला उचलवेना. उचलला असता तर माझ्या आवाजाने सगळं सांगून टाकलं असतं. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मला मीनाक्षी दिसत होती, बाकड्यावर बसलेली.

मी फोन मुठीत धरून दोन मजले उतरलो आणि नलूच्या दारात उभा राहिलो. मान आपोआप खाली गेली. तिने माझ्याकडे बघितलं. कोण गेलं, हे तिने विचारलं नाही.

“वाटेत कोण आहे?” ती म्हणाली.

“अक्षदा. नाशिकहून बसने. फोन करतेय. मला उचलवत नाही, नलूबाई.” आणि मग, कशाचं काय, तिथेच दारात मी रडत म्हणालो, “तो प्रश्न मी खोडला होता. मी सांगितलं नाही कोणाला. कमल रोज म्हणायची.”

“आता ता ऱ्हवांदे,” नलू म्हणाली. तिने चपला घातल्या, पदर खोचला आणि माझ्या पुढे होऊन जिना चढू लागली. वीस वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या मजल्यावरची दारं उघडली.

आमच्या घरात शिरून ती बायकांना म्हणाली, “मोबाइल पालथे ठेवा सगळ्यांनी. मुलगी दारात येईपर्यंत कोणी काय टाकू नका.” एकेकीने मोबाइल जमिनीवर पालथे घातले. मग ती कमलजवळ खाली बसली. माझ्या हातातला फोन वाजला. तिने हात पुढे केला, मी दिला.

“बाबा, फोन का उचलत नाही? आई कशी आहे?” खोलीत इतकं शांत होतं की अक्षदाचा आवाज मला इथवर ऐकू येत होता.

“बाबा औषध आणायला गेले, बाळा,” नलू म्हणाली. आवाज एकदम सरळ, घरगुती. “आईचा आत्ताच डोळा लागलाय. कुठवर आलीस?”

“इगतपुरी गेलं. आईशी बोलू द्या ना जरा.”

“झोपलीय गं. उठवत नाही तिला. तू आल्यावर बोल. काही खाल्लंस का सकाळपासून? पाणी पी घोटभर.”

“तुम्ही कोण बोलताय?”

नलूचं नाव कळलं असतं तर सगळंच कळलं असतं. या वाडीत अठरा वर्षं वाढलेल्या माझ्या मुलीने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्या दुकानाकडे बघायचंसुद्धा नाही, असं आम्हीच तिला शिकवलं होतं.

“शेजारीण बोलतेय मी,” नलू म्हणाली.

फोन बंद झाल्यावर तिने तो मला परत द्यायला हात पुढे केला. मी घेतला नाही. अक्षदा दारात पोचेपर्यंत तो आणखी पाच वेळा वाजला, आणि पाचही वेळा तिनेच उचलला.